नेमणूकपत्रावर सही कोणाची?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कामाचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे असे साखर कारखान्यांचे जाळे इथे आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो, श्रायबर डायनॅमिक्स डेअरी आहेत, टेक्स्टाइल पार्कात शेकडो बाया शिलाईच्या मशिनीवर बसतात. भिगवणजवळ कागद कारखाना, लोणी देवकरला औद्योगिक वसाहत, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी उभे राहिलेले वालचंदनगर. याशिवाय शिक्षणसंस्था, पतसंस्था, दूध संघ, दवाखाने, पेट्रोल पंप. फलटण, माळशिरस, करमाळा, दौंडची पोरेही सकाळी दुचाकीवरून इकडेच येतात. काम आहे. प्रश्न आहे तो कामावर घेताना काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते याचा.

तोंडावर धडधडीत खोटे बोलून माणूस कामावर घेणारा मालक तसा क्वचितच भेटतो. इथला दोष वेगळा आहे. ज्याचे काम आहे तो बोलत नाही आणि जो बोलतो त्याचे काम नसते. मधला माणूस शब्द देतो, मधलाच पैसे वाटतो, मधलाच एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो. उसाच्या फडात त्याला मुकादम म्हणतात, एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदार. म्हणून भरतीच्या नीतीचा आढावा कंपनीच्या एचआरच्या केबिनपासून सुरू करण्यापेक्षा फडापासूनच सुरू करावा लागतो. या भागातली सर्वांत मोठी वार्षिक भरती तीच आहे, आणि तिच्याकडे भरती म्हणून कोणी पाहतच नाही.

गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, पण माणसे त्याच्या कितीतरी आधी ठरतात. बीड, अहिल्यानगर, जालना, जळगावच्या गावांत पावसाळ्यात, पोरांच्या शाळेचा आणि पेरणीचा खर्च अंगावर असताना, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. जोडीची उचल आता लाखाच्या घरात जाते. कागद होतो तो कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात, मग वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात. मजुराच्या वाट्याला येतो तो स्टॅम्पपेपरवरचा अंगठा, आणि तोही उचल मिळाल्याचा. काय काम, किती दिवस, कोणत्या दराने, कोणत्या सोयींसह हे त्यात नसते. किती पैसे घेतले एवढेच असते. जगात बहुतेक ठिकाणी नेमणुकीचा कागद कामगाराला काय मिळेल ते सांगतो. हा कागद कामगार काय देणे लागतो तेवढेच सांगतो.

उचल देताना ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत त्या सगळ्या फडात आल्यावर कळतात. काम गाडीसेंटरवर (बैलगाडीने ऊस वाहायचा) आहे की डोकीसेंटरवर (मोळ्या डोक्यावरून वाहायच्या), कारखाना बिघडून चार दिवस बंद राहिला तर त्या दिवसांचे काय, राहायच्या कोप्या कुठे आणि पाणी किती लांब, साप चावला किंवा गाडी उलटली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. एक दिवस अंग टाकले की खाडा धरला जातो आणि दंड उचलीत मिळवला जातो. ऊस कमी पडून हंगाम लवकर आटोपला तर उचल फिटत नाही. न फिटलेली रक्कम पुढच्या वर्षीची भरती आपोआप ठरवून टाकते. बंधबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाशी बांधून ठेवायला त्याने बंदी घातली, त्याला आता जवळपास पन्नास वर्षे झाली. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा आला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. बीडहून बारामतीला आलेला माणूस त्याच्या हिशेबात स्थलांतरित ठरतच नव्हता.

या भरतीची सर्वांत क्रूर अट कुठेच लिहिलेली नव्हती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक जणींनी गर्भाशय काढल्याचे दिसले. त्यामागे डॉक्टरांचा लोभ होता, चुकीचे सल्ले होते, गरिबी होती. पण मासिक पाळीतला खाडा परवडत नाही हे गणितही होते. कोणा मुकादमाने ‘शस्त्रक्रिया करून ये’ असे म्हटले नसेलही. खाड्याचा दंड आणि ‘बाई रोज फडात उभी राहिली पाहिजे’ ही अपेक्षा तेच काम बोलल्याशिवाय करत होती. त्या बायका जो ऊस तोडत होत्या त्यातला बराच पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा होता. ही बाब फक्त बीडची म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येणार नाही.

‘मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत’ हे कारखान्यांचे नेहमीचे उत्तर. ते मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण कारखान्यांच्याच वागण्यात आहे. तोडणीचा दर ठरवायला बैठक होते तेव्हा एका बाजूला मजुरांच्या संघटना असतात आणि दुसऱ्या बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली ती अशाच बैठकीतून. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी टनामागे दहा रुपये घेतले जातात तेही कारखान्यांकडून. दर ठरवताना जो मालक असतो तो माणूस नेमताना मालक का नसतो?

या साखळीत आणखी एकाची फसवणूक होते, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो. इंदापूर-बारामतीचा शेतकरी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो, वाहतुकीचा करार करतो, टोळीच्या उचलीसाठी पुन्हा त्याच्याच नावावर कर्ज होते. मुकादम पैसे घेतो आणि टोळी येतच नाही. एकाच टोळीची उचल तीन कारखान्यांकडून घेतलेली निघते. पोलिसांत गुन्हे दाखल होतात, ट्रॅक्टरचे हप्ते मात्र थांबत नाहीत. कारखाना आपली रक्कम बिलातून कापून घेतो. म्हणजे भरतीतला सगळा धोका वरून खाली ढकलला गेला, आणि ज्याच्यासाठी ऊस तोडला जायचा तो सुरक्षित राहिला. मुकादमाच्या लबाडीवर आपण भरपूर बोलतो. त्याला लबाडीची इतकी मोकळी जागा कोणी दिली यावर कमी बोलतो.

आता एमआयडीसीचे गेट. पोरगा आयटीआय किंवा पदविका झालेला असतो. ओळखीच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘नामांकित कंपनीत भरती, पगार चांगला, ओटी, कँटीन, बस’. पगाराचा आकडा बहुधा नसतो, असला तर त्यात ओटी मिसळलेली असते. कंपनीचे नाव असते, पण कागदावर सही ठेकेदाराची असते. आत गेल्यावर एकाच लाइनवर, एकाच मशिनीवर, शेजारी-शेजारी तीन-चार प्रकारची माणसे उभी असतात. कायम, मुदतीवरचा, ठेकेदाराचा आणि ट्रेनी. काम तेच, गणवेशाचा रंग वेगळा आणि पगार कितीतरी वेगळा.

ट्रेनी या शब्दाखाली काय काय खपते ते नीट पाहायला हवे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, विद्यावेतन मिळते आणि कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण लागू होत नाही. त्यामागचा हेतू चांगलाच होता. शिकवायला वेळ आणि पैसा लागतो, तो कारखान्याने द्यावा, बदल्यात थोडी मोकळीक घ्यावी. नंतर २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ ही योजना आणली, आणि पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांत ‘नीम ट्रेनी’ हा शब्द घराघरांत पोचला. मधली संस्था मुलाला प्रशिक्षणार्थी म्हणून नोंदवायची आणि कंपनीत पाठवायची. पुढे परिषदेने ती योजना गुंडाळली. पण सवय राहिली, नावे बदलली. ज्या कामात शिकण्यासारखे आठ दिवसांचेच आहे त्यासाठी दोन-दोन वर्षे प्रशिक्षण चालते, तेही तिन्ही पाळ्यांत, रोजच्या उत्पादनाच्या आकड्यासह. याला प्रशिक्षण म्हणणे अप्रामाणिक आहे. ते उत्पादन आहे.

एक तरतूद मात्र मुलांनी आणि पालकांनी लक्षात ठेवावी. १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक कारखान्याने स्वतःचे धोरण ठरवावे असे त्यात आले. घ्यायलाच हवे अशी सक्ती नाही, पण धोरण हवे. ‘गेल्या तीन वर्षांत किती शिकाऊ घेतले आणि त्यातले किती कायम केले’ हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. प्रामाणिक व्यवस्थापक उत्तर देईल. जो टाळेल त्याचे टाळणेच उत्तर समजावे.

‘ब्रेक’ हा या भागातल्या कामगारांच्या तोंडी बसलेला आणखी एक शब्द. सहा-सात महिने काम, मग काही दिवस घरी, मग नव्या तारखेने पुन्हा हजर. हे कशामुळे, ते पोरांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत बारा महिन्यांत २४० दिवस, आणि हंगामी उद्योगात १९० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. ती टाळण्यासाठी ब्रेक आला. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याने तर कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. म्हणजे गैर काय ते कायद्याने नेमके ओळखले होते. पण ती सिद्ध करायला न्यायालयात जावे लागते, आणि तारखा चालू असताना घर चालवावे लागते. बावीस वर्षांचा मुलगा तिथपर्यंत जात नाही. तो दुसऱ्या गेटवर जातो.

मालकांच्या बाजूचेही काही म्हणणे खरे आहे. मागणी वर्षभर सारखी नसते. तिचाकी वाहनाची, चॉकलेटची, कापडाची ऑर्डर वरखाली होते आणि सगळ्यांना कायम करून उद्योग चालत नाही. हे मान्य. मग मुदतीची नेमणूक उघड द्यावी. ‘अकरा महिन्यांचे काम आहे, पुढे कायम होण्याची शक्यता नाही, हातात एवढे पडतील’ असे स्पष्ट सांगणाऱ्या मालकाला मी अनीतिमान म्हणणार नाही. तो कडू बोलतो, पण खरे बोलतो. त्या पोराला दुसरा विचार करता येतो, वायरमनचा परवाना काढता येतो, लग्न पुढे ढकलता येते. ‘चांगले काम केलेस तर बघू’ या पाच शब्दांवर मात्र त्याची चार वर्षे जातात, आणि भरतीची वयोमर्यादा निघून जाते.

ठेकेदारीला आपल्याकडे राजकीय पदरही आहे, आणि तो लपवून आढावा पुरा होणार नाही. औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या त्या गावांना नोकऱ्यांचे शब्द दिले गेले. उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत हे सरकारचे जुने धोरण. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ‘स्थानिक नको’ हा अलिखित नियम चालतो. स्थानिक पोरगा युनियन करेल, गावकीला सुट्टी मागेल, पुढाऱ्याचा फोन आणेल, ही भीती. मग गावाला शांत ठेवण्यासाठी गावातल्या वजनदार माणसालाच कामगार पुरवण्याचा ठेका दिला जातो. तो गावातलीच पोरे आत पाठवतो. पोरे स्थानिक, पण कंपनीची नाहीत. तक्रार करायची तर ज्याच्याकडे करायची तोच गावचा कारभारी. दोन्ही बाजूंनी मिळून हा सौदा केला आहे, आणि त्याची किंमत तिसराच चुकवतो. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली गावे गेली, त्या घरांना दिलेल्या शब्दांचे काय होते हे नव्याने सांगायला नको. प्रकल्पग्रस्तांसाठी सरकारी भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण घरटी एक दाखला आणि नातवंडे अनेक.

सहकारी संस्थांतली चिठ्ठी तर जुनीच. निवडणूक झाली की नव्या पॅनेलची माणसे भरायची, पुढच्या निवडणुकीत सत्ता गेली की त्यांना घरी बसवायचे, हे महाराष्ट्रभर पाहिलेले चित्र आहे. जाहिरात न देता केलेली भरती सभासदांच्या पैशातून होते. ज्याला काम मिळाले तो ऋणी राहतो आणि ज्याला मिळाले नाही त्याला आपल्यात काय कमी पडले ते कधीच कळत नाही. कायम, हंगामी कायम, रोजंदारी, कंत्राटी अशा पायऱ्यांवर माणूस वर्षानुवर्षे ताटकळतो. एकाच सहकारी संस्थेत इतक्या प्रकारचे कामगार का असावेत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

शिक्षणसंस्थांबद्दल लिहिताना मन अधिक खट्टू होते, कारण तिथे जो नेमणूक करतो तोच मुलांना सत्य शिकवण्याची जबाबदारी घेतो. खासगी संस्थांतल्या शिक्षक भरतीत ‘डोनेशन’ चालते हे सगळ्यांना माहीत होते म्हणूनच राज्याला २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणावे लागले. त्यानंतर २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतच गुण वाढवल्याचा घोटाळा २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघड केला. राज्य परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. जो शेत विकून पैसे भरतो तो दोषी आहेच, पण बाजार त्याने मांडलेला नाही.

पात्र ठरूनही शिक्षण सेवकाची तीन वर्षे काढावी लागतात. प्राथमिक सेवकाचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजार होते, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. विनाअनुदानित तुकडीवरचा शिक्षक याहून वाईट स्थितीत असतो. ‘अनुदान येईल’ या एका वाक्यावर त्याची नेमणूक झालेली असते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा पीएचडी झालेला माणूस सुट्टीत शेतमजुरीला जातो. कुठे सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, हेही चालते, आणि ती सही शिक्षकाकडून करून घेतली जाते याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. माणसाला स्वतःच्या फसवणुकीचा साक्षीदार बनवणे हा साधा गैरव्यवहार नाही.

सरकारने तरी उदाहरण घालून द्यावे, तर सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२४ रोजी, बारामतीत नमो महारोजगार मेळावा भरला. मुख्यमंत्री, दोन्ही उपमुख्यमंत्री आले, जिल्ह्यातून आणि बाहेरून हजारो मुले आली. अशा मेळाव्यांना माझा विरोध नाही. गावातल्या मुलाला एका दिवसात वीस कंपन्यांशी बोलता येणे ही मोठी सोय आहे. माझे म्हणणे एवढेच की कोणत्याही मेळाव्यात जागांचा एकच मोठा आकडा फलकावर लागू नये. कायम किती, मुदतीच्या किती, ठेकेदाराकडच्या किती, प्रशिक्षणार्थी किती, हे चार आकडे वेगळे लिहावेत. प्रत्येक टेबलावर हातात पडणारी रक्कम लिहावी. त्याला कसलाही खर्च येत नाही.

उमेदवारही खोटे बोलतात. अनुभवाचे बनावट दाखले, दुसऱ्याने लिहिलेली परीक्षा, रुजू होतो म्हणून कंपनीचे प्रशिक्षण घेऊन पंधरा दिवसांत गायब होणे, हे सगळे घडते आणि छोट्या वर्कशॉपवाल्याला त्याचा खरा फटका बसतो. पण दोघांच्या खोटेपणाला एकाच मापाने मोजता येत नाही. मालकाचा एक महिना वाया जातो. पोराचे वय वाया जाते.

याच मातीत वेगळेही झाले होते. वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर शेती आणि मग साखर कारखाना उभा केला तेव्हा माणसे सहज मिळत नव्हती. त्यांना आणावे लागले, ठेवावे लागले. म्हणून घरे झाली, शाळा झाली, दवाखाना झाला, आणि गावालाच त्यांचे नाव मिळाले. नोकरी गेली की घरही जाते ही वसाहतीच्या जिण्याची बोच तिथेही होती, आणि त्या काळातली मजुरी काही उदार नव्हती. पण आपण कोणाकडे कामाला आहोत, हा प्रश्न तिथल्या फिटरला कधी पडला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर कामगार संघटनांचा आक्षेप आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. त्यातली एक तरतूद मात्र इथे थेट लागू पडते. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे. ठेकेदाराकडचा असो की मुदतीवरचा, कागद हवा. मुदतीवर नेमलेल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचाही हक्क आला. अंमलबजावणी किती होईल ते कामगार खात्याच्या निरीक्षकांवर आणि आपल्या मागणीवर अवलंबून आहे. कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी तो कागद मागावा, त्यावर कोणाची सही आहे ते वाचावे, आपला पीएफचा यूएएन क्रमांक घ्यावा आणि महिनाभराने पासबुकात पैसे जमा झाले का ते मोबाइलवर पाहावे. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नये. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्याला, तो नात्यातला असला तरी, दारातूनच परत पाठवावे.

आणि सभासद शेतकऱ्यांना एक विनंती. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उसाच्या दरावर तासन्‌तास बोलतो, ते बोललेच पाहिजे. त्याच सभेत यंदा उभे राहून अध्यक्षांना एवढे विचारा, की आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईच्या हातात आपल्या कारखान्याच्या सहीचा कोणता कागद आहे, आणि नसेल तर तो पुढच्या गाळपाआधी कधी देणार आहात. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.